टाक्यांत पू झाला, तो दही-भातामुळे नाही

प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ६१, मधुमेह बारा वर्षांचा. बेंबीजवळचा हर्निया अडकला, रात्री साडेअकराला तातडीनं पोट उघडावं लागलं, काळा पडलेला आतड्याचा वीतभर तुकडा काढून जोड दिला. आठव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा जखम कोरडी होती. अकराव्या दिवशी लाल झाली, बाराव्या दिवशी पू आला. डॉक्टर म्हणतात शुगरमुळे. मावशी म्हणते, नवव्या दिवशी दही-भात दिलात म्हणून. शेजारचे म्हणतात दवाखान्याची चूक आहे, केस ठोका. आणि पुढच्या महिन्यात वडिलांचं जांघेतल्या हर्नियाचं, जाळी बसवायचं ऑपरेशन ठरलंय. ते तंबाखू खातात. तर आईचं का झालं आणि वडिलांच्या वेळी काय बघायचं?

मी २७ वर्षं जनरल सर्जरी करतोय, त्यातली बरीचशी तालुक्याच्या गावी. मावशींचं चुकलं. डॉक्टरांचं निम्मं बरोबर आहे. शेजाऱ्यांकडे वाटेत येतो.

जखमेचं काय होणार हे बरंचसं शेवटचा टाका पडायच्या आत ठरून गेलेलं असतं. चीर घेण्याआधीचा महिना, आधीचा एक तास आणि टेबलावरचे दोन-तीन तास, एवढाच तो काळ. नंतरच्या पंधरवड्यात आपण जी धावपळ करतो, म्हणजे महागडी इंजेक्शनं, पथ्यपाणी, रोज उलगडून बघायचं ड्रेसिंग, तिनं फार थोडा फरक पडतो. आणि आपल्याकडे सगळा जीव त्या पंधरवड्यातच अडकलेला असतो, घरच्यांचा आणि आम्हा डॉक्टरांचाही.

‘घरी सोडताना कोरडी होती’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. साध्या ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत आणि जाळी, सांधा, प्लेट असं काही आत ठेवलं असेल तर ९० दिवसांपर्यंत झालेला जंतुसंसर्ग हा ऑपरेशनचाच धरतात. जखमेचा पू साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास दिसतो, कधी त्याहून उशिरा. पूर्वी टाके काढेपर्यंत पेशंट वॉर्डातच असायचा, म्हणून आम्हाला तो दिसायचा. आता टाके निघायच्या आधीच घरी सोडतात, त्यामुळे पू घरी दिसतो आणि मग दोष घरच्या जेवणाला जातो.

आता आईंचं ऑपरेशन. आम्ही जखमांचे चार वर्ग करतो. थायरॉइड, स्तनाची गाठ, साधा हर्निया ही स्वच्छ जखम: आत कुठलीही पोकळ नळी उघडलेली नाही. पित्ताशय, सिझेरियन, आधी ठरवून, तयारी करून केलेलं आतड्याचं ऑपरेशन हा दुसरा वर्ग: नळी उघडली, पण हिशेबात. अपघाताची ताजी जखम किंवा आतड्यातलं बाहेर सांडलं, तर तिसरा. फुटलेलं अपेंडिक्स, पोटभर पू, हा चौथा. हे वर्ग १९६४ पासून वापरात आहेत आणि अजून त्यांच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पहिल्या वर्गात शंभरातल्या एक-दोघांना पू होतो. चौथ्यात पाठ्यपुस्तकं पंचवीसच्या वरचाच आकडा देतात. तुमच्या आईंची जखम निदान तिसऱ्या वर्गातली. काळं पडलेलं आतडं, तयारीला वेळ नाही, आतड्याच्या आत कोट्यवधी जंतू, आणि तेच हात, तीच हत्यारं मग पोटाची भिंत शिवायला.

अमेरिकेत रुग्णालयांतल्या संसर्गाची नोंद ठेवताना एक अगदी सोपा तीन गुणांचा हिशेब करायचे. भूलतज्ज्ञानं पेशंटला दिलेला धोक्याचा दर्जा तीन किंवा वर असेल तर एक गुण. जखम तिसऱ्या-चौथ्या वर्गातली असेल तर एक. आणि त्या ऑपरेशनला साधारण लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला तर एक. बेताल मधुमेह म्हणजे दर्जा तीन. आईंना त्या रात्री तीनपैकी दोन गुण नक्की मिळाले असणार, कदाचित तिन्ही. तुमच्या वडिलांचा हिशेब आज शून्य किंवा एक. म्हणून दोघांची तुलना करू नका. ‘आईला झालं म्हणजे बाबांनाही होणार’ हे होत नाही, आणि ‘बाबांचं साधंच आहे’ म्हणून निवांत राहणंही बरं नाही. जाळीभोवती पू झाला तर ते प्रकरण आईंच्या पूपेक्षा जास्त चिवट असतं.

का, ते सांगतो. १९५७ मध्ये इंग्लंडात एलेक आणि कॉनेन या दोघांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस जंतू टोचून बघितले. नुसते टोचले तर फोड यायला लाखांनी जंतू लागत. तिथेच एक रेशमी टाका असला की काही शेकड्यांत काम भागायचं. परकी वस्तू आत असली की जंतूला लपायला जागा मिळते आणि आपल्या पांढऱ्या पेशींना तिथे नीट पोचता येत नाही. धागा, जाळी, नळी, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे मेलेली चरबी आणि साकळलेलं रक्त, हे सगळं त्या रेशमी टाक्याचंच काम करतं.

शुगरबद्दल डॉक्टरांचं निम्मं बरोबर म्हणालो. रक्तात साखर चढली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. जंतूकडे सरकणं, त्याला गिळणं, मारणं, तिन्ही मंदावतं. त्याला वर्षं लागत नाहीत; ऑपरेशनच्या आसपासचे दोन-तीन दिवसच मोलाचे. म्हणून तीन महिन्यांची सरासरी, ती एचबीएवनसी, बघतोच, पण त्याहून मी ऑपरेशनच्या सकाळची आणि नंतरच्या ४८ तासांची शुगर बघतो. ती १८० च्या आत राहावी असा प्रयत्न असतो. आणि ही गोष्ट फक्त मधुमेह्यांची नाही. शरीरावर ताण आला की धडधाकट माणसाचीही साखर चढते. शिवाय आम्हीच घोळ घालतो: उलटी होऊ नये म्हणून दिलेलं डेक्साचं, म्हणजे साखर चढवणाऱ्या स्टेरॉइडचं इंजेक्शन, सवयीनं लावलेली ग्लुकोजची बाटली. त्यावर कुणीतरी ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून मोसंबीचा रस पाजतं. सकाळी १४० असलेली शुगर संध्याकाळी २९० वर जाते आणि चार्टवर कुणी तिच्याकडे बघतही नाही. तातडीच्या केसमध्ये शुगर ताब्यात यायची वाट बघत बसता येत नाही, आतडं मरत असतं. पण इन्शुलिनचा ड्रिप टेबलावरही चालतो. तो त्या रात्री लावला होता का, नंतरचे दोन दिवस शुगर किती होती, हे केसपेपरवर असेल. ‘शुगरमुळे झालं’ हे खरं असलं तरी शुगर सांभाळणं निम्मं आमचंच काम असतं, म्हणून निम्मं बरोबर.

आता तंबाखू. वडिलांच्या बाबतीत माझ्या मते हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे. डेन्मार्कमध्ये २००२ साली गुडघा-खुब्याचे सांधे बदलायच्या रांगेतल्या १२० सिगारेट ओढणाऱ्यांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना सहा-आठ आठवडे आधीपासून सोडायला किंवा कमी करायला मदत केली, अर्ध्यांना नेहमीसारखं राहू दिलं. जखमेचा त्रास मदत केलेल्यांत ५ टक्के, दुसऱ्यांत ३१ टक्के. अँटिबायोटिकलाही एवढा फरक पाडणं सोपं नाही. चाचणी धुराची होती हे खरं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तंबाखू चघळण्यात नाही, पण रक्तवाहिन्या आवळणारं निकोटीन तेच आहे. जखमेच्या कडेला रक्तच कमी पोचलं तर ऑक्सिजन कमी, आणि ऑक्सिजनशिवाय पांढरी पेशी जंतू मारू शकत नाही.

गंमत अशी की विचारलं तर कुणी खात नसतं. बायकांना ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर सरळ नाही म्हणतात. ‘मिश्री लावता का’ विचारलं की खाली मान घालून ‘दातांना लावते फक्त’. एकदा सकाळच्या राउंडला एका आजोबांच्या उशीखाली थर्मामीटर शोधायला हात घातला तर चुन्याची डबी आणि पुडी हाती आली. ऑपरेशनचा तिसरा दिवस. म्हणाले, “डॉक्टर, पोट साफ होत न्हाई हो त्याबिगर.” त्यांची जखम चिघळली नाही, हेही सांगून टाकतो. धोका म्हणजे शंभर जणांचा हिशेब; एकट्या माणसाला तो लागू पडेलच असं नाही. पण म्हणून पुडी माफ होत नाही. वडिलांच्या ऑपरेशनला महिना आहे ना? चार आठवडे बंद म्हणजे खूप झालं. जमत नसेल तर सर्जनला खरं सांगा, निकोटीनचे च्युइंगगम वगैरे मार्ग असतात.

आता मावशींचा दही-भात. हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा येतो. आंबट खाल्लं की टाके पिकतात, भातानं पू होतो, तूरडाळ वातूळ, वांगं वाईट, अंडं उष्ण. तूरडाळीच्या वरणाचा आणि पूचा रंग एकसारखा, त्यावरूनच ही समजूत निघाली असावी असा माझा आपला एक अंदाज. पोटात गेलेल्या भाताचा पोटावरच्या टाक्याशी थेट संबंध काही नाही. मधुमेहात भाताचं प्रमाण सांभाळायचं, ते शुगरसाठी. पण या पथ्यानं प्रत्यक्ष नुकसान होतं ते वेगळंच. गेल्या पावसाळ्यात एक सून सासूबाईंचा डबा घेऊन आली होती. मी झाकण उघडायला लावलं: ज्वारीची पातळ भाकरी आणि मिरची-मिठाचं पाणी. दहा दिवस हेच. मायेनं, मनापासून, पहाटे उठून केलेलं. जखम भरायला लागतात ती प्रथिनं, आणि डाळ, दूध, दही, अंडी, मासे, मटण सगळं या पथ्यानं कापून टाकलेलं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खाली गेलं की संसर्गही वाढतो आणि आतड्याचा जोडही सुटायची भीती. आईंना दही द्या, जाड वरण द्या, खात असतील तर दोन अंडी द्या. मावशींना माझं नाव सांगा.

आता थिएटरच्या दाराशी येऊ. इथे तीन साध्या गोष्टी आहेत आणि तिन्ही पैशानं स्वस्त आहेत.

वस्तरा ही पहिली. आदल्या संध्याकाळी वॉर्डातले मामा नवं ब्लेड घेऊन येतात आणि छातीपासून मांडीपर्यंत गुळगुळीत करतात. आमच्या शिकण्याच्या काळात हीच स्वच्छता होती. कातडीवर त्यानं बारीक बारीक चिरा पडतात, रात्रभर त्यांत जंतू वाढतात आणि सकाळी आम्ही तिथेच सुरी चालवतो. कॅनडात कॅलगरीच्या एका रुग्णालयात क्रूज आणि फूर्ड यांनी दहा वर्षांत ६२,९३९ जखमांची नोंद ठेवली, ती १९८० मध्ये छापून आली. स्वच्छ जखमांत वस्तरा फिरवलेल्यांना २.५ टक्के संसर्ग, केस कापलेल्यांना १.७, काहीच न केलेल्यांना ०.९. केस आड येत नसतील तर काढायचेच नाहीत, येत असतील तर क्लिपरनं, ऑपरेशनच्या थोडंच आधी. वडिलांना एवढं नक्की सांगा: आदल्या दिवशी लाजेकाजेस्तव घरी न्हाणीघरात स्वतःच दाढीचं रेझर घेऊन बसू नका. जांघेच्या हर्नियात हे फार होतं. आंघोळ मात्र आदल्या रात्री आणि सकाळी साबण लावून स्वच्छ करायची. साधा साबण चालतो.

दुसरी गोष्ट अँटिबायोटिकचं घड्याळ. बोस्टनच्या जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगांवर दाखवलं की औषध जंतूच्या आधी किंवा बरोबर पोचलं तरच जखम वाचते. तीन तासांनी दिलं तर न दिल्यासारखंच. माणसांत १९९२ मध्ये तेच दिसलं: २,८४७ पेशंट, चीर घेण्याआधीच्या दोन तासांत इंजेक्शन मिळालेल्यांत ०.६ टक्के संसर्ग. त्याहून बरंच आधी मिळालेल्यांत ३.८, आणि चीर घेतल्यावर तीन तासांहून उशिरा मिळालेल्यांत ३.३.

आता आपल्याकडचा सीन बघा. सकाळी सात वाजता वॉर्डातली सिस्टर लिस्टवरच्या पाचही जणांना इंजेक्शन देऊन मोकळी होते. पहिली केस लांबते, मध्ये एक सिझेरियन घुसतं, लाइट जाते, आणि पाचव्या पेशंटला चीर पडते दुपारी एकला. कागदावर अँटिबायोटिक दिलेलं आहे, रक्तात मात्र ते नावाला उरलंय. मीही कित्येक वर्षं असंच केलं. आता आमच्याकडे ते इंजेक्शन पेशंटबरोबर थिएटरमध्ये येतं, भूलतज्ज्ञ देतात, आणि चीर घेण्याआधी मी मोठ्यानं विचारतो, “सेफॅझोलिन गेलं?” उत्तर आल्याशिवाय सुरी हातात घेत नाही. ऑपरेशन चार तासांच्या पुढे गेलं की दुसरा डोस.

आणि नंतरचे पाच-सात दिवस? स्वच्छ, वेळेत पार पडलेल्या ऑपरेशननंतर टाके टिकावेत म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलंय. आईंचं वेगळं. आतडं मेलेलं, पोटात घाण. तिथे ते प्रतिबंध म्हणून राहत नाही, उपचारच होतो, आणि काही दिवस द्यावं लागतं. पण साध्या हर्नियाला सात दिवस दोन वेळा महागडं इंजेक्शन हे डॉक्टरचं मन शांत करायला असतं. मला ते बंद करायला धाडस लागलं, खोटं कशाला बोलू. पहिल्या पाच-सहा पेशंटच्या वेळी रात्री झोप नीट लागली नव्हती.

तिसरी गोष्ट पेशंटचं अंग गार पडू न देणं. एसी १८ वर, पेशंटच्या अंगावर हिरवा कपडा एक, आणि पोट धुवायला फ्रिजच्या शेजारची सलाइनची बाटली. १९९६ च्या एका प्रसिद्ध चाचणीत मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये अंग गार पडू दिलेल्यांत १९ टक्के, ऊब दिलेल्यांत ६ टक्के संसर्ग झाला. २०२२ मध्ये पाच हजारांवर पेशंटांच्या चाचणीत ३५.५ आणि ३७ अंशांत फरक दिसला नाही. म्हणजे अगदी सदतिसाचा अट्टाहास नको, पण चौतिसावर जाऊ देऊ नये. ब्लँकेट आणि कोमट सलाइन, एवढंच.

यानंतर येतात ते सर्जनचे हात, आणि त्याबद्दल आम्ही सर्वांत कमी बोलतो. विजेनं भाजून रक्त थांबवणारी कॉटरी चरबीवर फिरवत सुटलं की चरबी मरते. चिमटा कातडीला करकचून धरला की कड काळी पडते. टाका घट्ट ओढला की मधलं मांस गुदमरतं. रक्त पूर्ण न थांबवता बंद केलं की आत गुठळी, आणि गुठळी म्हणजे जंतूंची पंगत. जाड माणसात चार बोटं चरबी असते. तिला रक्तपुरवठा आधीच कमी, त्यात पोकळी राहते, पाणी साठतं. ऑपरेशन लांबत गेलं की धोका तासागणिक चढतो, पण घाई करून रक्त वाहतं सोडणाऱ्यापेक्षा अर्धा तास जास्त घेणारा सर्जन मला कधीही चालेल.

आईंसारख्या जखमेत आणखी एक मार्ग असतो: स्नायूचा थर शिवायचा आणि कातडी उघडीच ठेवायची, ओलं गॉझ भरून. चार-पाच दिवसांनी आत लालबुंद, स्वच्छ दिसलं की टाके घालायचे. शास्त्र जुनंच आहे, युद्धातल्या जखमांवरून शिकलेलं. पण नातेवाईक भडकतात. “टाकेच घातले नाहीत, पोट उघडं ठेवून दिलंय,” म्हणून एकानं माझ्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटला होता. तेव्हापासून मी आधीच चित्र काढून समजावतो. तुमच्या डॉक्टरांनी कातडी शिवली हा निर्णय चूक होता असं मी इथे बसून म्हणणार नाही. रात्री दोन वाजता ते पोट माझ्यासमोर नव्हतं.

याच संदर्भात अलीकडची एक चाचणी मला फार आवडते, कारण ती आपल्यासारख्या दवाखान्यांत झाली. भारत, नायजेरिया, घाना, मेक्सिको अशा सात देशांतली ८१ रुग्णालयं, तेरा हजारांहून जास्त पोटाची ऑपरेशनं, २०२२. पोटाची भिंत शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि स्वच्छ हत्यारांचा वेगळा संच घ्यायचा, बस. संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. चार जोड हातमोज्यांची किंमत किती? वडिलांच्या जाळीसाठीही तोच नियम. जाळीचं पाकीट शेवटच्या क्षणी फोडायचं, नवे मोजे घालून हाताळायची, कातडीला लागू द्यायची नाही.

आता शेजारी. दवाखान्याची चूक कधीच नसते असं नाही, आणि असली की ती एका पेशंटमध्ये दिसत नाही, रांगेनं दिसते. मी एके काळी एका नर्सिंग होममध्ये व्हिजिटला जायचो. तीन महिन्यांत दुर्बिणीतून केलेल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचे पाच पेशंट परत आले. पहिले चार-पाच आठवडे सगळं छान, मग बेंबीच्या छिद्राशी एक गाठ, जांभळट, न दुखणारी. मग तिला तोंड पडायचं, पाण्यासारखा पातळ पू, आणि साध्या कल्चरमध्ये, म्हणजे पूतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवायचं नाही. आठवडाभर औषध दिलं की बरं वाटायचं, पुन्हा फुटायचं. तिसऱ्या पेशंटपर्यंत आम्ही प्रत्येकाची शुगर तपासत बसलो होतो. पाचव्याच्या वेळी क्षयरोगाच्या जंतूच्या चुलतभावांसाठी वेगळं कल्चर पाठवलं आणि ते उगवले. हे जंतू नळाच्या पाण्यात राहतात.

मी जाऊन ट्रे बघितला. दुर्बिणीची हत्यारं ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवलेली, दोन ऑपरेशनांच्या मध्ये वीस मिनिटं. सांधे न उघडता बुडवल्यामुळे दात्यांच्या खाचेत वाळलेलं रक्त. द्रावण कधी तयार केलं त्याची तारीख बाटलीवर नव्हती. ते चौदा दिवसांत टाकायचं असतं. आणि काढल्यावर ज्या पाण्यात हत्यारं खंगाळायची ते ‘उकळलेलं’ पाणी स्टीलच्या पातेल्यात सकाळपासून उघडं. म्हणजे जे काही मरत होतं ते शेवटच्या पायरीला पुन्हा लागत होतं. पाचही जणांना सहा-सहा महिने क्लॅरिथ्रोमायसिन आणि जोडीला आणखी औषधं घ्यावी लागली, दोघांच्या गाठी कापून काढाव्या लागल्या. तिसऱ्याला मी स्वतःच ‘तुमच्या शुगरमुळे’ असं सांगितलेलं होतं. त्याला बोलावून सांगावं लागलं की नाही, आमच्यामुळे.

तेव्हा तुम्हाला संशय असेल तर केसपेपरची प्रत मागा आणि शांतपणे तीन गोष्टी विचारा: अँटिबायोटिक किती वाजता दिलं आणि चीर किती वाजता घेतली, शुगर किती होती, हत्यारं ऑटोक्लेव्ह होतात (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक) की द्रावणात बुडवतात. नीट चालवलेल्या जागी या प्रश्नांचा राग येत नाही. वडिलांसाठी दवाखाना ठरवतानाही हेच विचारा. थिएटरच्या फरशीच्या चमकेवरून किंवा फॉर्मालिनच्या वासावरून काही कळत नाही.

आईंसाठी आत्ता काय? पू झाला की पहिला उपचार औषध नव्हे, वाट मोकळी करणं. त्या भागातले टाके काढायचे, पू वाहू द्यायचा, कल्चरला नमुना पाठवायचा, जखम धुवायची. ताप नसेल, लाली आजूबाजूला पसरत नसेल तर पुष्कळदा तेवढंच पुरतं. आत लाल, दाणेदार, हात लावला की पटकन रक्त येणारं मांस दिसू लागलं तर ती भरतेय, घाबरू नका. हळद, खोबरेल तेल, कुणी दिलेली भुकटी काही घालू नका. आंघोळीला हरकत नाही. शिवलेल्या साध्या जखमेलाही ४८ तासांनंतर पाणी चालतं.

दोन वेळा मात्र थांबायचं नाही. अचानक गुलाबी पाणी भळकन आलं आणि ड्रेसिंग चिंब झालं तर आतला स्नायूचा थर सुटलेला असू शकतो: जखमेवर स्वच्छ ओला कपडा ठेवा आणि गाडी काढा. आणि जखमेपेक्षा दुखणं कितीतरी जास्त, भोवतालची कातडी तासागणिक काळवंडत चाललेली, दाबली तर आत चरचर, असं दिसलं तर रात्र असली तरी निघा.

वडिलांचं एक राहिलं, आणि हे कुणी विचारत नाही. त्यांना जांघेत खाज आहे का बघा. पावसाळ्यानंतर बऱ्याच पुरुषांना तिथे गजकर्ण असतं, मेडिकलवरून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावून लावून दबलेलं, कातडी पातळ झालेली. ऑपरेशनच्या टेबलावर कपडा बाजूला केल्यावर आम्हाला ते पहिल्यांदा दिसतं आणि मग केस रद्द करायची की रेटायची यावर वाद होतो. तसंच पायाला भेग पिकलेली, दात किडून सुजलेला, लघवीला जळजळ, असं काही असेल तर आधी ते बरं करायचं. तारीख दोन-तीन आठवडे पुढे गेली तरी चालेल. हर्निया झोपल्यावर आपोआप आत जात असेल आणि दुखत नसेल तर तो तेवढा थांबतो.